नर्सबाईला विचारा : चिठ्ठी नेली, पण वाचली कोणी?

या महिन्यात पत्रं भरपूर आली, आणि गंमत म्हणजे बहुतेक पत्रांत दुखणं कमी अन् भांडण जास्त. डॉक्टर आशाताईचं ऐकत नाहीत, सिस्टर सीएचओचं (उपकेंद्रावरच्या आरोग्य अधिकाऱ्याचं) ऐकत नाही, एका डॉक्टरच्या गोळ्या दुसऱ्याला माहीत नाहीत. मी ३४ वर्षं यवतमाळ अन् वर्धा जिल्ह्यात काढली, आधी एएनएम म्हणजे उपकेंद्रावरची नर्स म्हणून आणि शेवटी आरोग्य सहाय्यिका म्हणून, त्यामुळे यातलं एकही भांडण मला नवीन नाही, दोन-चार तर मी स्वतःच केलेली आहेत. पाच पत्रं घेते. नावं-गावं काढून टाकलीत.

प्रश्न : मॅडम, मी आशा आहे, १२ वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका बाळंतिणीच्या घरी १४व्या दिवसाची भेट द्यायला गेली तर बाळ दूध ओढत नव्हतं, पाय गार, थर्मामीटरमध्ये ९५.४ आलं, श्वास मोजला तर मिनिटाला ६८. मी लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, चिठ्ठी दिली. तिथं डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिलीच नाही म्हणे, "आशा काय डॉक्टर आहे का" म्हणाले, ड्रॉप्स देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाळ सुस्त पडलं, मग जिल्ह्याला नेलं, सहा दिवस काचेच्या पेटीत होतं. वाचलं. पण आता मला वाटते कशाला पाठवा कोणाला, आपलं कोण ऐकते?

उत्तर : ताई, तुम्ही बरोबर होत्या, हे आधी सांगते कारण ते तुम्हाला कोणीच सांगितलेलं दिसत नाही. दूध न ओढणं, अंग थंड पडणं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याच्या वर, यातलं एकही लक्षण दोन महिन्यांच्या आतल्या बाळात दिसलं तरी ते बाळ घरी ठेवायचं नसते, अन् तुमच्याकडे तर तिन्ही होते. हे ड्रॉप्स देऊन घरी पाठवायचं बाळ नव्हतंच.

आणि "आशा काय डॉक्टर आहे का" याचं उत्तर तर आपल्या विदर्भातच आहे हो. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी तुम्ही ज्या भेटी देता ना, ती पद्धत दिल्लीत कोणाच्या टेबलावर तयार झालेली नाही, ती गडचिरोलीत तयार झाली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात बाळ कसं तपासायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ ला हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०११ पासून तेच काम देशभरातल्या आशांकडे आलं. म्हणजे पाचवी-सातवी शिकलेली बाई घड्याळ लावून श्वास मोजू शकते आणि तिचा आकडा खरा असतो, हे सिद्ध होऊन जमाना झाला. काही डॉक्टरांपर्यंत पोचायचं राहिलं, एवढंच.

पण ताई, आता दुसरी बाजू. तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते तुम्ही मला कळवलं नाही. मला शंका आहे, कारण मी जन्मभर ज्या चिठ्ठ्या पाहिल्या त्यातल्या निम्म्यांवर "पुढील उपचारासाठी पाठवित आहे" एवढंच असते. माझीच सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, माझ्या सबसेंटरच्या एका गावात पहिलटकरीण होती, आठवा महिना, तोंड सुजलेलं, डोकं दुखते म्हणे, डोळ्यापुढं अंधारी येते. बीपी घेतला १७०/११०. बैलगाडी, मग एसटी, अशी रवानगी केली आणि चिठ्ठीवर मी काय लिहिलं? "बीपी वाढलेला आहे, तपासणीसाठी." आकडा नाही. डोकं दुखते, अंधारी येते, काहीच नाही. तिथं त्यांनी तिला ओपीडीच्या लाइनीत बसवलं, बाकीच्या गरोदर बायांसोबत, कारण चिठ्ठी वाचून घाई वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. दोन-अडीच तासांनी बाकावरच झटके आले. बाई वाचली, पोटातलं लेकरू गेलं. मी त्या दवाखान्याला लय शिव्या घातल्या तेव्हा, आणि मग एका म्हाताऱ्या सिस्टरनं माझीच चिठ्ठी माझ्या हातात दिली, बोलली काहीच नाही.

तेव्हापासून मी चार गोष्टी लिहिल्याशिवाय पेशंट हलू दिला नाही. एक, आत्ता काय झालं. दोन, मागचं काय, म्हणजे कितवं बाळंतपण, वजन किती, आधीचा आजार. तीन, मी काय मोजलं, आकड्यात, आणि मला काय वाटते. चार, तुमच्याकडून काय पाहिजे. ही चारची पद्धत माझी नाही बरं, अमेरिकेच्या नौदलात पाणबुड्यांवर असं बोलायचे आणि तिथून ती दवाखान्यात आली, आता जगभर नर्सांना शिकवतात. पाणबुडीतलं आपल्याला काय करायचं म्हणा, पण बोलायची रीत चांगली आहे.

तुमच्या बाळाचं उदाहरणादाखल असं लिहा अन् असंच फोनवर बोला : "सर, मी अमुक गावची आशा. १४ दिवसांचं बाळ पाठवते आहे, सकाळपासून दूध ओढत नाही. जन्माचं वजन २ किलो १००, दवाखान्यात डिलिव्हरी. टेंपरेचर ९५.४, श्वास दोनदा मोजला, ६८ अन् ७०, मला जंतुसंसर्ग वाटतो. तुम्ही लगेच पाहावं आणि गरज पडली तर तिथूनच जिल्ह्याला एसएनसीयूत पाठवावं." (एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष.) पाऊण मिनिटाच्या आत होते. दीडशेची ओपीडी समोर असलेला डॉक्टर पाऊण मिनिट ऐकतो, पाच मिनिटाचं रडगाणं नाही ऐकत, आणि त्यात त्याची पूर्ण चूक आहे असंही मी म्हणणार नाही. श्वास दोनदा मोजला हे मुद्दाम सांगायचं. आकडा दोनदा आला की समोरच्याला "तिला काय कळते" म्हणता येत नाही.

एवढं करूनही हाकलून दिलं तर? तर पेशंटसमोर भांडायचं नाही, तिथल्या तिथं आपल्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओंना म्हणजे मेडिकल ऑफिसरांना फोन लावायचा, आणि त्यांनी त्या डॉक्टरशी बोलायचं. डॉक्टरचं डॉक्टर ऐकते, हे वाईट आहे पण खरं आहे, अन् बाळ थंड पडलेलं असताना आपल्या मानापमानाचा हिशोब नंतर. एमओ उचलत नसतील तर गटप्रवर्तक (आशांच्या सुपरवायझर). बाळासाठी १०२ची गाडी फुकट आहे, तीही वेळेत मिळत नसेल तर १०८ला लावायचा, आपल्या राज्यात त्या गाडीत डॉक्टर असतो, अन् हातात आकड्यांची चिठ्ठी असली की तो ती पुढं वाचून दाखवतो. आणि घरच्यांना निघतानाच सांगून ठेवायचं की रस्ताभर बाळाला आईच्या छातीला उघडं लावून वरून गुंडाळा, थंड बाळ पोचेपर्यंत अजून थंड होते आणि मग सगळीच मेहनत वाया.

अजून एक. बाळ परत आलं तेव्हा तुम्हाला कोणी कळवलं का? नाही ना. डिस्चार्ज कार्डचा फोटो काढून घेत जा. कोणतं इंजेक्शन, किती दिवस, परत कधी दाखवायचं, हे त्यात असते. आणि तो फोटो एमओंना पाठवा, सोबत फक्त एवढंच लिहा, "सर, हे तेच बाळ." टोमणा मारू नका. पुढच्या वेळी तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलतील.

प्रश्न : ताई, माझे सासरे ६८ वर्षांचे, शुगर बीपी दोन्ही आहे. आम्ही हिंगणघाटकडचे. गावच्या सरकारी आरोग्य मंदिरात दर महिन्याला गोळ्या भेटतात, तालुक्याला एक खाजगी डॉक्टर आहे त्यांच्याही चालू होत्या, आणि दिवाळीनंतर माझ्या नणंदेनं नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवलं त्यांनी पण लिहून दिल्या. मागच्या आठवड्यात पहाटे मामाजी घामाघूम झाले, काहीबाही बोलायला लागले, आम्हाला वाटलं लकवाच मारला. दवाखान्यात नेलं तर शुगर ४८ निघाली. आता घरात सगळे एकमेकांवर ढकलून राहिले. चुकलं कोणाचं?

उत्तर : बाई, तुझ्या पत्रासोबतचा गोळ्यांचा फोटो मी आमच्या ओळखीच्या एका फिजिशियनला दाखवला. तीन पट्ट्यांवर तीन वेगळी नावं, पण बारीक अक्षरात वाचलं तर तिन्हीत ग्लिमेपिराइड आहे. एकीत एकटं, दोन गोळ्यांत मेटफॉर्मिनसोबत. म्हणजे मामाजी एकच औषध तीन डॉक्टरांकडून तीनदा घेत होते, शुगर ४८ वर येणार नाही तर काय. सरकारी चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असते, खाजगीत कंपनीचं, त्यामुळे घरच्यांना त्या तीन वेगळ्या गोळ्या वाटतात. तिन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते ग. प्रत्येकानं समोरच्या माणसाची शुगर पाहिली आणि गोळी दिली. "अजून कोणाचं काय चालू आहे" हे एकानं विचारलं नाही, अन् मामाजींनीही सांगितलं नाही, कारण आपल्याकडे एका डॉक्टरसमोर दुसऱ्याचं नाव काढणं म्हणजे सवतीचं नाव काढल्यासारखं वाटते लोकांना.

आधी पहाटेचं सांगते, कारण ते परत होऊ शकते. शुगरच्या पेशंटला घाम, थरथर, बरळणं, भलतंच वागणं सुरू झालं तर लकवा की काय हा विचार करत बसायचं नाही, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर परत शुगर पाहायची, अजून कमी असेल तर परत साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट गाडी. आणि या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचं एक वाईट आहे, साखर दिल्यावर माणूस उठून बसतो, चहा मागतो, घरचे म्हणतात झालं बरं, आणि चार-पाच तासांनी शुगर परत खाली जाते. म्हातारा माणूस असला, किडनी थोडी अशक्त असली तर अजूनच. म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

आता पुढं काय. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, गावठी चूर्ण, गुडघ्यासाठी मेडिकलवाल्यानं दिलेली पेनकिलर, सगळं एका थैलीत भर. हो, ती पेनकिलर पण. बीपीवाल्याला रोज पेनकिलर म्हणजे बीपी वाढते आणि किडनीवर जाते, आणि मग बीपीची गोळी काम करत नाही म्हणून डॉक्टर अजून एक गोळी वाढवतात, असं ते चक्र. थैली घेऊन एका डॉक्टरकडे जा. कोणत्या, ते तुम्ही ठरवा, पण एकच. माझं मत विचारशील तर जो जवळ आहे, जो रात्री फोन उचलतो आणि जो मामाजींना नावानं ओळखतो तो. नागपूरच्या डॉक्टरांनी काय करायचं ते सांगावं, रोजचं इथल्यानं पाहावं. नागपूरची फाइल त्याच्याकडे न्यायची आणि त्यानं काय बदललं ते पुढच्या वेळी नागपूरला न्यायचं. एका कागदावर मूळ नावं, किती मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, असं त्याच्याकडूनच लिहून घे. कागद भिंतीवर नको लावू, पावसाळ्यात ओला होते, मामाजींच्या खिशात आणि तुझ्या मोबाइलमध्ये ठेव.

आरोग्य मंदिरातल्या सीएचओला मात्र जाऊन सांग काय झालं. गोळ्या बंद करायच्या की त्यांच्याकडूनच घ्यायच्या हे ठरेल, पण न सांगता नुसतं जाणं बंद केलं तर त्यांच्या रेकॉर्डला मामाजी "औषध सोडलेला पेशंट" होतात आणि आशाताई घरी येऊन परत तीच पट्टी ठेवून जाते. मी पाहिलेलं आहे असं. आणि चुकलं कोणाचं म्हणशील तर ते आता सोड, नणंदेशी अबोला धरू नको त्यावरून. तिनं दाखवलं म्हणून तर तिसरी पट्टी आली, हे खरं, पण तिनं दाखवलं म्हणून डोळ्याची अन् किडनीची तपासणी पण झाली, जी वर्षातून एकदा व्हायला पाहिजे होती आणि इथं कोणी केली नव्हती.

प्रश्न : नमस्कार. मी बीएएमएस आहे, गोंदिया जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ म्हणून दीड वर्ष झालं. तिथल्या सिस्टर २२ वर्षांपासून आहेत. कागदावर टीमचा प्रमुख मी आहे पण गाव त्यांचं ऐकते, त्या माझं ऐकत नाहीत. बीपी-शुगरच्या पेशंटचं माझं वेगळं रजिस्टर, त्यांचं वेगळं. इन्सेंटिव्हवरूनही धुसफूस चालते. बदली मागू का?

उत्तर : डॉक्टर, तुम्ही मला लेकासारखे, म्हणून तोंडावर बोलते. २०१८ च्या आधी ते उपकेंद्र म्हणजे सिस्टरच होती. पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तुमच्याकडच्या आदिवासी भागात तीन हजाराला, आणि तिथं रात्री दोनला दार वाजलं की उठणारी ती एकटी. मग सरकारनं बोर्ड बदलला, सहा महिन्यांचा कोर्स केलेला तरुण माणूस खुर्चीवर आणून बसवला आणि तिला सांगितलं हे तुझे साहेब. तिला कोणी विचारलं होतं का? तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं म्हणा.

बदली मागू नका, पुढच्या सेंटरवरही एक सिस्टर असेलच.

खुर्चीचं सोडा, पेशंटपासून सुरू करा. दोन रजिस्टरं आधी बंद करा, कारण एकच बाई तुमच्याकडे बीपीची पेशंट आहे आणि सिस्टरकडे गरोदर माता आहे, आणि दोघांना एकमेकांचं माहीत नाही, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं. बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे. तिची पाळी चुकली हे सिस्टरला आणि आशाला तुमच्या आधी दोन महिने कळलेलं असते. गावातल्या बाया तुम्हाला नाही सांगणार, पुरुष माणूस तुम्ही. म्हणजे ती गोळी वेळेवर बदलायची असेल तर तुम्हाला सिस्टर लागते. हे तिला असंच सांगा, "सिस्टर, यात मला तुमच्याशिवाय जमत नाही." कमीपणा नाही त्यात.

आठवड्यातून एकदा, बाजाराचा दिवस सोडून, तुम्ही, सिस्टर, एमपीडब्ल्यू (पुरुष आरोग्यसेवक) आणि आशा असे अर्धा तास बसा. रिपोर्ट भरायला नाही, फक्त नावं घ्यायला. कोण आलं नाही, कोणाची गोळी संपली, कोणाच्या घरी दारू वाढली, कोणाला टीबीचा खोकला वाटतो. चहा तुमच्या पैशाचा. आणि ई-संजीवनीवर (सरकारच्या व्हिडिओ-कॉल सेवेवर) एमओंना किंवा स्पेशालिस्टला कॉल लावाल तेव्हा सिस्टरला शेजारी बसवा, पेशंट तिच्या ओळखीचा असतो, डॉक्टर जे विचारतात त्यातलं अर्धं तिलाच माहीत असते. इन्सेंटिव्हचं म्हणाल तर जो हिशोब असेल तो सगळ्यांसमोर कागदावर मांडा, लपवलेल्या पैशानं जेवढं वाकडं होते तेवढं कमी पैशानं होत नाही.

आणि सिस्टर, तुम्हीही हे वाचत असाल तर, पोरगा वाईट नाही वाटत. वाईट असता तर पत्र मला नसतं आलं, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार गेली असती.

प्रश्न : आमच्या मुलीची सिकलसेलची तपासणी झाली, त्यात एएस निघाली. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. पण आशानं कुठंतरी बोलली आणि गावभर झालं, सोयरिक आली होती तीही मोडली. एकीकडे म्हणतात सगळ्यांनी मिळून काम करा, माहिती एकमेकांना द्या, आणि इकडे आमची पोर बदनाम झाली. (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, आणि यात मी आशाताईची बाजू घेणार नाही. माहिती द्यायची ती ज्याला पेशंटचं काम करायला लागते त्याला, आणि जेवढी लागते तेवढीच. एमओ, सिस्टर, समुपदेशक, संपलं. पाण्याच्या नळावर नाही. ती तुमच्याच गावची, कोणाची तरी वहिनी, कोणाची तरी मामी, त्यामुळे तिचं तोंड सुटणं सोपं असते हे मी समजू शकते, पण म्हणूनच तिला जास्त सांभाळायला पाहिजे. तुम्ही पीएचसीच्या एमओंना भेटा, लेखी द्या, आणि आशांच्या मीटिंगमध्ये नाव न घेता हा विषय काढा म्हणावं. तिला घरी बोलावून माफी मागायला लावायची का, हे तुमच्या मुलीला विचारा. तिला नको असेल तर नको, परत गावभर होईल.

आता एएस म्हणजे काय ते सोयऱ्यांना सांगायला तुमच्या कामी येईल म्हणून लिहिते. एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक. तो आजार नाही. ती मुलगी शेतात काम करेल, नोकरी करेल, तिला लेकरं होतील, तिला रोजची औषधं नाहीत. प्रश्न मुख्यतः एकाच ठिकाणी येतो, नवराही एएस निघाला तर. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा बाळ एसएस म्हणजे आजारी असण्याची शक्यता, दोन वेळा वाहक, एक वेळा अगदी मोकळं. आणि हे प्रत्येक वेळी नव्यानं, पहिलं आजारी निघालं म्हणून पुढचे तीन चांगले असं नाही, ही समजूत फार आहे आपल्याकडे. नवरा एए म्हणजे अगदी मोकळा असेल तर एकही बाळ एसएस होत नाही. म्हणजे विचारायचं ते मुलीला नाही, मुलाच्या घरच्यांना विचारा, "तुमच्या पोराची तपासणी झाली का?" विदर्भात कितीतरी घरात हा गुण आहे आणि निम्म्यांना माहीत नाही. १ जुलै २०२३ ला केंद्रानं जे सिकलसेलचं मिशन काढलं त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी धरली आहे, ते यासाठीच. दोघंही एएस असले आणि तरी लग्न करायचं ठरलं तरी रस्ता बंद नाही, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची तपासणी होते, त्यासाठी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवायचं.

एक खात्री करून घ्या. मुलीचा रिपोर्ट कशावर आहे? गावात जी सोल्युबिलिटी टेस्ट होते ती फक्त सिकल आहे एवढं सांगते, एएस की एसएस ते त्यात कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा कागद असेल तरच एएस म्हणा.

मोडलेल्या सोयरिकीबद्दल मी काय बोलू. ज्यांनी तपासणी केलेली पोरगी नाकारली त्यांनी न तपासलेली दुसरी शोधली असेल.

प्रश्न : नर्सबाई, रामराम. आमच्या गावात साप चावला की पयले मानसाले मंतरवाल्याकडे नेतेत, मंग दवाखाना. मागच्या पोळ्याच्या टायमाले शेजारचा पोरगा असाच गेला. मंतरवाल्याशी भांडलो तं गाव आमच्याच आंगावर येते. काय कराव सांगा.

उत्तर : भाऊ, भांडू नका. मंतरवाल्याला टीममध्ये घ्या, हसू नका, खरं बोलते.

आमच्या पीएचसीच्या एका गावात असाच एक म्हातारा होता. तो उतरवायचा अन् लोक वाचायचे पण, कारण बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी चावला तरी दरवेळी विष सोडतेच असं नाही, त्यातून त्याचं नाव झालं. आमचे त्या वेळचे एमओ स्वतः त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. म्हणाले, "बाबा, तुमचा मंत्र बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त गाडीत बसून म्हणा." आणि त्याला समजावलं की नाग आणि मण्यार चावला तर पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास बंद होतो, मण्यारीच्या चाव्याला तर खूणही बऱ्याचदा दिसत नाही, शेतात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो. घोणस अन् फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही, दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून पाहतात. चारही सापांवर एकच लस चालते, एएसव्ही म्हणजे विषावरचं इंजेक्शन, ती पीएचसीत मिळते, साप मारून आणायची गरज नाही. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, हात-पाय काठी लावून स्थिर ठेवायचा आणि माणसाला चालवायचं नाही.

म्हाताऱ्याला चाव्यानंतर घड्याळ पाहायला सांगितलं होतं. किती वाजता चावला, पापण्या कधी पडल्या, त्यानं काही जडीबुटी खायला घातली का, हे सगळं तो डॉक्टरला सांगायचा, आणि आमच्या एमओंनी सगळ्यांसमोर त्याला खुर्ची द्यायची असं ठरलेलं होतं. पहिल्या वर्षी तो दोनदा आला. तिसऱ्या वेळी रात्री साडेबाराला १०८ आली तर गाडीतून आधी तोच उतरला, पेशंटचा पाय फळीला धोतरानं बांधलेला, आणि मला म्हणे, "बाई, पावनेबाराले चावला, डोये अर्धे मिटले, मी काही खाऊ घातलं नाही. तुमी सुई लावा, माह्या मंतर चालूच हाये."